ही जागा नगरपरिषदेच्या मालकीची आहे

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे एक सभागृह आहे. दाराला कुलूप, कुलपाला गंज आणि बाजूच्या भिंतीवर निळी पाटी : 'ही जागा नगरपरिषदेच्या मालकीची आहे. अतिक्रमण करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' अतिक्रमण करायची हिंमत आजवर फक्त एका पिंपळाने केली आहे. गच्चीच्या कठड्यातून तो पुरुषभर वर आलाय. त्याला अजून नोटीस गेलेली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मला ते सभागृह दोन तासांसाठी हवं होतं. आमचा दहा-बारा बायकांचा वाचनाचा गट आहे. एरवी कुणाच्या तरी पडवीत जमतो. पण पावसाळ्यात कोकणातली पडवी म्हणजे लाकडं, ओले कपडे, छत्र्या आणि कुत्रा. त्या वेळी एक डॉक्टरीणबाई बोलायला येणार होत्या, म्हणजे तीस-चाळीस जणी तरी जमल्या असत्या. म्हटलं, गावाचं सभागृह आहे, घरपट्टी आपण भरतो, पैसे भरून घेऊ.

कार्यालयात पहिल्या टेबलावर कळलं की सभागृह ठेक्याने दिलंय. दुसऱ्या टेबलावर कळलं की ठेक्याची मुदत संपली, नूतनीकरणाचा विषय सभेपुढे यायचाय. सभा कधी, असं विचारल्यावर त्या मुलाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सभा कुठली? आमच्यासारख्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१च्या अखेरीला संपली. त्यानंतर निवडणुका व्हायला २०२५चा डिसेंबर उजाडला. मधली चार वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. तिसऱ्या टेबलावर मी एवढंच विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?"

"ठेकेदाराकडे असेल."

"ठेकेदार कुठे आहे?"

"तो आता पुण्याला असतो."

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर त्या तिघांतले दोघे माझ्या भावाचे वर्गमित्र आहेत. शिवाय कोकणच्या किनाऱ्यावर कुठेही राहणाऱ्याला हे आपल्याच गावचं वाटेल, आणि तसं वाटलं तर त्याची चूक नाही.

माझे वडील, अण्णा, याच कार्यालयात चौतीस वर्षं लिपिक होते. तेव्हा लोक नगरपरिषद म्हणत नसत, मुन्सिपाल्टी म्हणत. अण्णांच्या कपाटात मिळकतींचं रजिस्टर असायचं. लाल कापडी बांधणीचं, उशीएवढं. शाळेतून परत येताना मी कार्यालयात थांबायचे तेव्हा त्यांनी मला ते चाळू दिलेलं आहे. सार्वजनिक विहीर, बांधीव, एक. गुरांसाठी हौद, एक. कोंडवाडा, एक. मच्छी मार्केट, ओटे चाळीस. दिवाबत्तीचे खांब, धर्मशाळा, स्मशानाची शेड, शिडी लाकडी एक (मोडकी). त्या 'मोडकी'चं मला फार हसू यायचं. अण्णा हसायचे नाहीत. मोडकी असली तरी गावाची आहे, लिहायला लागते, म्हणायचे.

अण्णांना कायदा तोंडपाठ होता, म्हणजे त्यांच्या कामापुरता. १९६५चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम. त्यातलं ४९वं कलम म्हणजे त्यांचं आवडतं स्तोत्र. नगरपरिषदेने काय केलंच पाहिजे आणि काय केलं तर चालेल, अशा दोन याद्या त्या कलमात आहेत. रस्ते, दिवे, पाणी, गटारं, बाजार, स्मशान, आग विझवणं हे आवश्यक. वाचनालय, बाग, सभागृह, धर्मशाळा हे ऐच्छिक. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. गटार आवश्यक आणि वाचनालय ऐच्छिक! अण्णा म्हणायचे, गटार तुंबलं तर वाचनालयात पाणी शिरतं. त्यांचं बरोबर होतं. पण कोकणात वाचनालयांनी मुन्सिपाल्टीची वाट पाहिली नाही हेही खरं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं. गावोगाव मुन्सिपाल्ट्या निघाल्या त्या १८५०च्या कायद्याने, आणि आपल्या किनाऱ्याकडची पनवेलची निघाली १८५२ मध्ये. म्हणजे दिव्याचे खांब यायच्या आधी इथे पुस्तकं आली होती.

पुढे ७४वी घटनादुरुस्ती झाली, १ जून १९९३पासून लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवायचे अठरा विषय आहेत. अण्णांनी यादी आणून जेवताना मोठ्याने वाचली. नगर नियोजन, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा असं करत करत कोंडवाड्यापाशी आले आणि चमचा खाली ठेवला. "बघ, कोंडवाडा घटनेत गेला!" तोपर्यंत आमच्या कोंडवाड्यात गुरं नव्हती, निवडणुकीचे जुने फलक होते. पण त्या रात्री अण्णा खूष होते.

त्याच रजिस्टरने मला आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे काय गावाचं नाही. धक्का गावाचा नाही, तो मेरिटाइम बोर्डाकडे. किनाऱ्याची वाळू गावाची नाही, ती सरकारची. बाजारातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा. मुंबईहून आलेले पर्यटक धक्क्यावरचा दिवा बंद दिसला की नगरपरिषदेला शिव्या देतात. कार्यालयातले लोक त्या निमूटपणे ऐकून घेतात. दिवा कुणाचा हे समजावून सांगायला शिव्या ऐकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तर मालकी. मालकी घालवणं कायद्याने सोपं ठेवलेलं नाही. नगरपरिषदेला आपली स्थावर मिळकत विकायची तर एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांशांचा ठराव लागतो आणि वर शासनाची मंजुरी. तीन वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायची तर नगरपरिषद देऊ शकते, पण घेणाऱ्याला तिथे पक्कं बांधकाम करता येत नाही. हे ९२वं कलम. विकण्यावर एवढा पहारा आहे. चालवायचं सोडून देण्यावर कसलाच नाही. त्यासाठी ठराव लागत नाही, मंजुरी लागत नाही. वॉचमन निवृत्त झाला आणि जागा भरली नाही, एवढं पुरतं.

आमच्या सभागृहाला पूर्वी वॉचमन होता. दर पंधरवड्याला तो कुलपात खोबरेल तेल सोडायचा. खाऱ्या वाऱ्यात कुलूप एक पावसाळा काढत नाही, हे इथल्या कुणालाही सांगायला लागत नाही. मात्र हे तेल कुठल्या अंदाजपत्रकात धरायचं याला लेखाशीर्ष नाही.

आणि इथेच खरी मेख आहे असं मला अण्णांमुळे वाटतं. १ जुलै १९९९ला नगरपरिषदांची जकात बंद झाली. आमच्या गावाच्या तोंडावर जकात नाका होता. बांबूचा आडवा दांडा आणि कंदिलाच्या उजेडात पावत्या फाडणारा कारकून. घाटावरून कोल्हापूरची भाजी घेऊन येणारे ट्रक तिथे थांबायचे. भ्रष्टाचार होता, वैताग होता, नाका गेला हे बरंच झालं. पण तो पैसा गावाचा होता. रोज यायचा आणि रोजच्या कामाला लागायचा. त्याच्या जागी मुंबईहून सहायक अनुदान येऊ लागलं. मोठा पैसा यायला लागला तो योजनांचा. नगरोत्थानचा, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा. योजनेचा पैसा बांधायला मिळतो. भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, इमारत उभी राहते. ती चालवायला माणूस, झाडू, बल्ब आणि खोबरेल तेल लागतं, त्याची योजना नसते. मग इमारत ठेक्याने द्यायची. ठेकेदाराला परवडलं तर चालते. नाही परवडलं तर तो पुण्याला जातो.

अण्णांच्या काळाचे मी गोडवे गात नाही. त्या मुन्सिपाल्टीत डोक्यावरून मैला वाहून नेणारी माणसंही पगारावर होती, आणि ती कुठल्या जातीची होती हे सांगायची गरज नाही. ती सेवाही नगरपालिका स्वतः चालवत होती. रजिस्टरात पाट्या आणि गाडे यांची नोंद मी पाहिलेली आहे, माणसांची नव्हती. आपल्या हाताने चालवणं म्हणजे नेहमी चांगलं चालवणं, असं नाही.

मच्छी मार्केटकडे येते. जुनं मार्केट कौलारू होतं. चाळीस ओटे, मधून पन्हळ, दुपारी दोन वाजता मुन्सिपाल्टीचा माणूस पाण्याने धुऊन काढायचा. ते पाडून नवं बांधलं. दुमजली आहे. ओट्यांना पांढऱ्या टाइल्स आहेत. उद्घाटनाला मंत्री आले होते. आज त्या ओट्यांवर मांजरं झोपतात आणि बायका बाहेर रस्त्याच्या कडेला टोपल्या लावून बसतात.

ज्यांच्याकडून मी बांगडे घेते त्या मावशींना विचारलं. त्यांनी सुरी ठेवली नाही, मान वर केली नाही.

"वरती कोण चढतला गे? गिऱ्हाईक लांबसून मासो बघता, मगे थांबता. माशाचो डोळो दिसाक व्हयो."

"आणि खालच्या मजल्यावर?"

"ओटो कंबरेइतको उंच केल्यानी. उबी रवान मासे काप म्हणतत. चाळीस वर्सां मी बसान कापतंय."

आता त्या सुरीने कापतात, पण मोठी सुरमई आली की विळीच लागते, आणि विळी पायाखाली दाबल्याशिवाय हलते. उभ्याने विळी कशी दाबणार? हे ज्याने नकाशा काढला त्याला कळायचं कारण नव्हतं. जुन्या मार्केटवर ज्याची नेमणूक होती त्या शिपायाला कळलं असतं. तो वीस वर्षं तिथे उभा होता, कुठला ओटा कुणाचा, कुणाची सून आता बसते, हे त्याला पाठ होतं. त्याला कुणी विचारलं नाही, कारण तोपर्यंत बाजार वसुलीचा ठेका निघाला होता आणि त्या शिपायाला जन्म-मृत्यू नोंदणीत बसवलं होतं. आता सकाळी एक पोरगा पावतीपुस्तक घेऊन येतो, रस्त्यावर बसलेल्या बायकांकडून बाजाराचे पैसे घेतो आणि मोटारसायकलवरून जातो. मावशी पावती टोपलीच्या कडेला खोचतात. रस्ता बांधकाम खात्याचा, वसुली नगरपरिषदेच्या ठेकेदाराची, मासे दर्याचे.

मुंबईत माझे मोठे काका बेस्टमध्ये कंडक्टर होते. कोकणातल्या दर दुसऱ्या घरात असे एक काका असतात. ते 'बेस्टची बस' कधी म्हणाले नाहीत, 'आमची गाडी' म्हणायचे. गणपतीला आले की आरत्या झाल्यावर बेस्टचा इतिहास सुरू. १८७३ची ट्रामची कंपनी, १८७४ला घोड्यांच्या ट्रामी, १९०७ला विजेवरच्या, १९२६ला पहिली बस. आणि मग काका थांबून म्हणायचे, ७ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र व्हायच्या आठ दिवस आधी मुंबईने आपली बस आणि आपली वीज कंपनीकडून स्वतःकडे घेतली. विजेत मिळालेलं बसच्या तोट्यात घालायचं, असं कितीतरी वर्षं चाललं. काका ते सांगायचे तेव्हा वाटायचं, यांच्या खिशातूनच जातंय. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्यापासून ते फोनवर एकच सांगतात, रंग आमचा आहे, ड्रायव्हर कंपनीचा आहे.

आमच्या वाचनाच्या गटाचं काय झालं ते राहिलंच.

कार्यक्रम शेवटी देवळाच्या सभामंडपात केला. कोकणात अडलेल्या प्रत्येक कामाला सभामंडप असतोच. प्रशस्त, फरशी गार, विजेची सोय, पुजाऱ्यांनी लगेच हो म्हटलं, पैसेही घेतले नाहीत. आमच्या गटात मोहल्ल्यातली एक मैत्रीण आहे. सगळ्यात जास्त वाचते ती. मी निरोप दिला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही करा गं, माझ्याकडे पाहुणे यायचेत." तिच्याकडे पाहुणे नव्हते. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तिला कुणी अडवलं नसतं, याची मला खात्री आहे. पण अडवलं नसतं आणि यावंसं वाटलं असतं, यात जे अंतर आहे ते मला त्या दिवशी दोन तास सारखं दिसत होतं. नगरपरिषदेचं सभागृह गळकं असतं, पंखे बंद असते, तरी ती आली असती. नवऱ्याच्या नावाने का होईना, तिथली घरपट्टी तिनेही भरलेली आहे.

मुंबईहून रात्रीच्या एसटीने येताना महाडला गाडी थांबायची. बाबांबरोबर असले तर... म्हणजे अण्णांबरोबर, आम्ही त्यांना दोन्ही म्हणायचो... तर ते झोपेतून उठवून सांगायचे, इथे चवदार तळं आहे. ते मी पुढे फार उशिरा, बँकेतल्या नोकरीला लागल्यावर एकदा मुद्दाम उतरून पाहिलं. दगडी काठ, हिरवट पाणी, मधे बाबासाहेबांचा पुतळा. तिथे उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात अण्णांचं रजिस्टर होतं. तळं, सार्वजनिक, एक.

कारण चवदार तळ्याची गोष्ट आपण सत्याग्रहाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती नगरपालिकेच्या एका मिळकतीचीही गोष्ट आहे. १९२३च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा सरकारने, कायद्याने नेमलेल्या संस्थांनी चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये आपलं तळं खुलं करण्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखे लोक त्या नगरपालिकेत होते, पुढे ते अध्यक्ष होते. म्हणजे मालकाने दार उघडलं होतं. कागदावर.

तीन वर्षं त्या ठरावाने कुणाची तहान भागली नाही. तळ्यावर नगरपालिकेने ना शिपाई उभा केला, ना कुणाला हात धरून नेलं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आणि परिषदेला आलेले हजारो लोक चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव अमलात आला. त्याची किंमत त्यांनी त्याच दिवशी लाठ्यांनी मोजली. आणि मग ४ ऑगस्ट १९२७ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या अधिकाराने तळं उघडलं, त्याच अधिकाराने ते बंद केलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्यापुढचं मात्र मला फार बोलकं वाटतं. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला तेव्हा विरोधकांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. दावा काय? की हे तळं सार्वजनिक नाहीच, हे 'चौधरी तळं' आहे, स्पृश्य हिंदूंच्या मालकीचं आहे. म्हणजे माणसांना पाण्यापासून लांब ठेवायचं तर आधी तळं नगरपालिकेच्या रजिस्टरातून बाहेर काढायला हवं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. 'आमची रूढी आहे' एवढ्याने भागत नव्हतं, 'आमचं आहे' म्हणायला लागलं. ती केस नऊ वर्षांहून जास्त चालली. १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तळं खासगी ठरलं नाही आणि रूढीही शाबीत झाली नाही.

माझ्या मैत्रिणीच्या 'पाहुण्यां'ची बरोबरी मी महाडशी करत नाही. तेवढी अक्कल आहे. पण सभामंडपाच्या गार फरशीवर बसून मला तळंच आठवत होतं, त्याला मी काय करू.

चालवून दाखवलेल्या गावाबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हे सगळं रडगाणं होईल. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचऱ्याचं काम असं हातात घेतलं की डेपो बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. घराघरांत कचरा वेगळा करायला लावला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात घातले, आणि जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथे झाडं लावून त्या जागेला 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' असं नाव दिलं. मी चुलतबहिणीबरोबर गेले होते. बहीण नाकाला पदर लावूनच रिक्षातून उतरली आणि पाच मिनिटांनी तो सोडला. मला तिथल्या यंत्रांपेक्षा तिथल्या बायका लक्षात राहिल्या. कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात जातं हे त्या नुसत्या हाताच्या स्पर्शाने ओळखत होत्या, चिवड्यातले दाणे वेचावेत तशा. हे ज्ञान निविदेत लिहून मागवता येत नाही.

असं ज्ञान आमच्या गावात आता एकाच माणसाकडे उरलंय. ते आमचे पाणीवाले काका. कागदावर व्हॉल्व्हमन. पहाटे पाचला सायकल घेऊन निघतात, दांडीला लांब लोखंडी चावी आडवी बांधलेली. डोंगरावरच्या टाकीतून येणारं पाणी कुठल्या वाडीला कधी आणि किती सोडायचं ते त्यांच्या मनगटात आहे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. आता ते त्याच चावीने तेच काम एका ठेकेदाराच्या हजेरीवर करतात, निम्म्याहून कमी पैशांत. मध्यंतरी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने ड्रोन उडवून सगळ्या पाइपलाइनचा नकाशा केला. रंगीत, भिंतीभर. काकांना तो दाखवला. ते म्हणाले, "नकाशो बरो आसा. पण ह्यो व्हॉल्व्ह हय नाय." असं त्यांनी अकरा ठिकाणी सांगितलं. रस्त्याचं डांबरीकरण करताना झाकणं गाडली गेली, ड्रोनला ती दिसणार कशी?

डिसेंबरात निवडणूक झाली. नवे नगरसेवक, नवे नगराध्यक्ष. सभागृहाचा विषय पहिल्या की दुसऱ्या सभेत आला म्हणे, आणि दुरुस्तीसाठी नवीन योजनेतून निधी मागायचं ठरलं. पिंपळाबद्दल काही ठरलं का, ते कळलं नाही. पण एक काम झालं. काकांच्या हाताखाली एक पोरगा दिला. तोही ठेक्यावरच, पण दिला. आयटीआय झालेला, कानात वायर घालून फिरणारा.

परवा पहाटे आमच्या फाटकाबाहेर बोलणं ऐकू आलं म्हणून मी बाहेर गेले. शेजारच्या परड्यातल्या फणसाखाली दोघे उभे. काकांनी फणसाच्या बुंध्याला पाठ लावली आणि रस्त्याच्या दिशेने चालले. सात पावलं. मग वाकून पहारीने डांबर टोकरलं. झाकण निघालं. चावी आत घातली, पोराला धरायला लावली.

"सोळा आटे. सतराव्याक गेलंस तर खालच्या वाडीत पायप फुटतलो."

पोरगा फिरवत होता, काका ओठातल्या ओठात मोजत होते. झाल्यावर पोराने मोबाइल काढला आणि फणसाचा फोटो घेतला. मग झाकणाचा घेतला.

काकांनी विचारलं, "आणि फणस तोडल्यानी तर?"

पोराने फणसाकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. मोबाइल खिशात टाकला, आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कोपऱ्याला पाठ लावली आणि तिथून पावलं मोजायला लागला.